भाकरी मोजून, शेवाळ तोलून

घरात कुत्र्यासाठी वेगळे पातेले चढू लागले की दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, यात भात किंवा भाकरी घालायची की नाही? दुसरा अलीकडचा आहे: ती केल्प की नोरी म्हणतात ती समुद्री शेवाळाची पूड घालायची का? पहिल्याचे उत्तर लोक भीतीने देतात, दुसऱ्याचे उत्साहाने. माझ्या मते दोन्हीकडे उलटे व्हायला हवे. धान्याला घाबरण्यासारखे फारसे नाही. शेवाळ मात्र जपून वापरायची वस्तू आहे.

धान्याची भीती आली ती ‘ग्रेन-फ्री’ असे ठळक छापलेल्या पाकिटांतून. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडगा धान्य खात नाही, म्हणून कुत्र्यालाही ते वर्ज्य, असा साधा सरळ तर्क. तो चुकीचा आहे हे २०१३ साली स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले. पिष्ट पचवणारे अमायलेज स्वादुपिंडात तयार होते, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत चार ते तीस. माणसाच्या उकिरड्यावर आणि उष्ट्यावर हजारो वर्षे काढलेल्या जनावराने आपले पोट त्या अन्नाला जुळवून घेतले. धनगराच्या वाड्यावरची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्या तुकड्यांवर राखण करत आली, त्यात नवल काही नाही.

उलट धान्य काढून टाकल्याने काय होते, हा प्रश्न अमेरिकेत २०१८ पासून गाजतो आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्या वर्षी जुलैमध्ये हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगण्याच्या आजाराची चौकशी जाहीर केली. आजारी कुत्र्यांपैकी पुष्कळ जण धान्याऐवजी वाटाणा, मसूर, बटाटा भरलेले खाद्य खात होते. खाद्यामुळेच आजार होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि २०२२ च्या डिसेंबरात एफडीएने नवी ठोस माहिती मिळेपर्यंत या विषयावर पुन्हा निवेदन काढणार नाही असे सांगून टाकले. तरीही एवढे नक्की, की धान्य वगळण्याला आरोग्याचा म्हणून काही आधार नव्हता. धान्याच्या जागी डाळी ठासून भरणे हा तर सुधारलेला आहार नव्हेच.

ॲलर्जीचेही तसेच. कुत्रा खाजवतो म्हटले की पहिला संशय गव्हावर. अन्नाच्या ॲलर्जीने त्वचा बिघडलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी २०१६ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा बैलाचे मांस ३४ टक्क्यांत, दूध-दुभते १७ टक्क्यांत, कोंबडी १५ टक्क्यांत आणि गहू १३ टक्क्यांत कारण ठरला. म्हणजे चपाती बंद करून कोंबडी आणि दही चालू ठेवणाऱ्याने बहुधा चुकीचे ताट काढून घेतलेले असते. आणि आपल्याकडे खाजेचे कारण अन्नाच्या आधी गोचीड, पिसवा आणि पावसाळी बुरशी यांत शोधावे.

आता दुसरी बाजू. भाकरीवर कुत्री जगली, हे खरे. नुसत्या भाकरीवर ती चांगली राहिली असे नाही. राखणीची कुत्री उंदीर, घुशी, मेलेली वासरे, जत्रेतली हाडे असे पुष्कळ काही बाहेर मिळवत, ते आपण हिशेबात धरत नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला ती सोय नाही. साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी सुमारे २१० कॅलरींची. दहा किलोच्या साधारण हालचालीच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ५५० ते ६०० कॅलरी पुरतात, म्हणजे तीन भाकऱ्यांत त्याचे पोट भरले. त्यात प्रथिने कागदावर सतरा-अठरा ग्रॅम भरतात, पण ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी असल्यामुळे ती अर्धवटच उपयोगी पडतात. अशा कुत्र्याला निदान पंचवीस ग्रॅम चांगली प्रथिने मिळायला हवीत. भाकरी-दूध खाऊन कुत्रा गुबगुबीत होतो, मालक खूश होतो आणि पाठीचा स्नायू हळूहळू उतरत जातो. केसाखाली ते दिसत नाही.

म्हणून धान्याला जागा किती? कॅलरींचा तिसरा हिस्सा, हा माझा अंदाज. निरोगी प्रौढ कुत्र्याला त्याहून थोडे जास्तही चालते, पण घरच्या हाताला अंदाज जास्तीकडेच झुकतो, म्हणून तिसराच सांगतो. दहा किलोच्या कुत्र्याला हे दिवसाला ५० ते ५५ ग्रॅम कोरडे धान्य होते. तांदूळ असेल तर शिजून दीडशे ग्रॅमच्या आसपास भात. त्याच्याबरोबर दोनशे ग्रॅम बिनहाडाची कोंबडी, एक अंडे, मूठभर लाल भोपळा किंवा दुधी आणि छोटा चमचा तेल, असे मांडले की दिवसाची भूक भागते. ही संपूर्ण पाककृती नव्हे, हे लगेच सांगतो. कॅल्शियम, आयोडिन, जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व यांचा हिशेब अजून बाकी आहे.

धान्य कोणते, यावर मी फार वाद घालणार नाही. तांदूळ पचायला सगळ्यांत हलका, पोट बिघडलेल्या दिवशी तोच बरा. ज्वारी रोजच्यासाठी उत्तम. ओट साधे घ्यावेत. मसाल्याच्या पाकिटातले घेऊ नयेत, त्यांत कांदा-लसणाची पूड असते आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. याच कारणाने फोडणीचे वरण, पुलाव, खिचडी ही कुत्र्याची नव्हेत, मग ती कितीही उरोत. गव्हाची चपाती चालते, मात्र कणकेचा गोळा आणि आंबवलेले इडली-डोशाचे पीठ त्याच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवा. यीस्टचे पीठ तर पोटाच्या उबेत फुगते आणि त्यातून मद्यार्क तयार होतो. पावाचे पीठ खाल्लेला कुत्रा झिंगून पडतो, हा विनोदाचा विषय नाही, तातडीने दवाखान्यात नेण्याचा आहे.

बाजरीबद्दल एक टीप, ती पुढे शेवाळाशी जोडली जाणार आहे. बाजरीत असे घटक आहेत की जे थायरॉइडला आयोडिन वापरण्यात अडथळा आणतात. सुदानच्या दारफुर भागात, बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंड का वाढला याचा शोध घेताना हे पुढे आले. हिवाळ्यात चार दिवस बाजरीची भाकरी कुस्करून दिली म्हणून काही होत नाही. वर्षभर तिचीच नको, आणि आहारात आयोडिन मुळातच कमी असेल तर अजिबात नको.

शिजवताना मात्र आपली रीत थोडी बदलावी लागते. माणसाच्या लाळेतच पिष्टाचे पचन सुरू होते, कुत्र्याच्या लाळेत ते होत नाही. शिवाय तो चावत नाही, गिळतो. त्यामुळे मोकळा, दाणा-दाणा सुटा भात हे आपले कौतुक त्याच्या कामाचे नाही. कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या, ज्वारी-नाचणी भरड काढून रात्रभर भिजवा आणि पळीने घोटता येईल इतके मऊ शिजवा. भाकरी असेल तर ती बिनमिठाच्या कोंबडीच्या पाण्यात भिजवून कुस्करा. दुसऱ्या दिवशी त्याच्या शीमध्ये भाताचे शीत अख्खे दिसले किंवा ती सैल, आंबट वासाची झाली तर धान्य कमी शिजले किंवा जास्त झाले, एवढे त्यातून कळते.

आणि धान्य निवडून घ्या. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यांत कमी बोलला जातो. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते. ती बाजारात स्वस्त मिळते आणि ‘कुत्र्या-मांजराला काय, चालेल’ म्हणून घरी येते. तीच गोष्ट तळाशी राहिलेल्या कुबट मक्याच्या पिठाची, जाळी धरलेल्या शेंगदाण्याची. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे यकृताचे विष आहे, ते शिजवल्याने जात नाही आणि कुत्रा त्याला फार लवकर बळी पडतो. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत मक्यातून असे विष उतरलेले खाद्य परत मागवावे लागले, तेव्हा शंभराहून अधिक कुत्री दगावल्याच्या तक्रारी एफडीएकडे आल्या होत्या. जे पीठ तुम्ही स्वतःच्या भाकरीला घेणार नाही, ते कुत्र्याच्या भांड्यातही घालू नका.

नाचणीचे वेगळे सांगायला हवे, कारण तिच्यावर लोकांचा फार विश्वास आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून कुत्र्याला नाचणीची आंबील दिली की हाडांचे काम झाले, असे मला अनेकांनी सांगितले आहे. शंभर ग्रॅम कोरड्या नाचणीत कॅल्शियम साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. धान्यांत हे खरोखर सर्वांत जास्त. पण दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सातशे मिलिग्रॅमच्या वर लागते, आणि आपण देणार पन्नास-पंचावन्न ग्रॅम नाचणी. त्यातलेही बरेचसे फायटेट या धान्यातल्याच घटकात अडकलेले. नाचणी द्या, आवडीने द्या, तेवढ्याने कॅल्शियमचा प्रश्न मात्र सुटत नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. हे वर्षभर चालले तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. पिल्लांत तर काही आठवड्यांत पाय वाकतात.

यावर स्वस्त आणि चोख उपाय अंड्याच्या टरफलाचा. टरफले उकळा, पूर्ण वाळवा, मिक्सरवर अगदी मैद्यासारखी दळा. टरफल म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट, त्यात वजनाच्या सुमारे ३८ टक्के कॅल्शियम. वर सांगितलेल्या पातेल्याला दोन ग्रॅम पूड रोज लागते. ही पूड पुढे आणखी एका कामाला येणार आहे.

आता समुद्राकडे वळू. शेवाळाच्या जाहिराती त्यात असणाऱ्या खनिजांची यादी देतात, साठ म्हणतात, सत्तर म्हणतात. बहुतेक खनिजे इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की पातेल्यात त्यांचा फरक पडत नाही. खरा कामाचा घटक एकच, आयोडिन. आणि घरगुती आहारात तो खरोखर कमी पडतो, हे मान्य करायला हवे. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेने २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इतर ठिकाणच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या १९० मध्ये निदान एक तरी आवश्यक पोषक घटक कमी होता. कोंबडी, भात, भोपळा यांत आयोडिन नगण्य. आपण ते मिठातून मिळवतो. आपल्या आयोडिनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोचताना ग्रॅममागे किमान पंधरा मायक्रोग्रॅम आयोडिन असावे असा नियम आहे. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १६५ मायक्रोग्रॅम लागते. म्हणजे मिठातून भागवायचे तर अकरा ग्रॅम मीठ! चिमूटभर मीठ कुत्र्याला हवेच असते, ती भीतीही अनाठायी आहे. अकरा ग्रॅम मात्र कुणी देणार नाही, देऊही नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सोपा मार्ग आहे. आठवड्यातून दोन-तीनदा कोंबडीऐवजी बांगडा किंवा तारली, शिजवून, काटे काढून. आयोडिनही मिळते आणि माशाचे तेलही. खारवलेली सुकी मासळी नको. ज्यांच्याकडे इतके मासे शिजत नाहीत किंवा कुत्रा ते फारसे खात नाही, त्यांनी शेवाळाचा विचार करावा.

इथे लोक चिमूट उचलतात, आणि घोटाळा तिथेच होतो. शेवाळ हा एकच पदार्थ नव्हे. अमेरिकेत मिळणाऱ्या शेवाळांची २००४ मध्ये तपासणी झाली, तेव्हा एका नोरीत ग्रॅममागे १६ मायक्रोग्रॅम आयोडिन निघाले आणि केल्पच्या एका रव्यात ८,१६५. दोन्हींवर ‘सीवीड’च लिहिलेले. आपल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेपाचशे मायक्रोग्रॅमच्या वर आयोडिन रोज जाऊ नये. त्या दुसऱ्या नमुन्याची ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी पूडही ही मर्यादा ओलांडते, आणि सौम्य केल्पची तेवढीच पूड गरजेच्या निम्मीही भरत नाही. डोळ्यांना दोन्ही चिमटी सारख्याच हिरव्या-तपकिरी.

तेव्हा दोनच वाटा मला शहाणपणाच्या वाटतात. एक, नोरीची. सुशीसाठी मिळणारा साधा, भाजलेला ताव सुमारे तीन ग्रॅमचा असतो. दहा किलोच्या कुत्र्याला रोज एक ताव कात्रीने बारीक कापून, गरम पाण्यात मऊ करून मिसळा. गरज पूर्ण भागत नाही, पण जास्त होण्याचा धोका जवळजवळ नाही, आणि माशाचे दोन दिवस जोडले की काम होते. घेताना ‘सीवीड स्नॅक’ नावाची खारट, तेलकट पाकिटे घेऊ नका. त्यांत तिळाचे तेल, मीठ, कधी लसूण.

दुसरी वाट केल्पची, पण फक्त ग्रॅममागे किती आयोडिन ते ज्या डबीवर छापलेले आहे तिची. छापले नसेल तर डबी दुकानातच राहू द्या. समजा डबीवर ग्रॅममागे ७०० मायक्रोग्रॅम लिहिले आहे. तुम्हाला रोज हवी ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी पूड, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती दिसणारही नाही. अशा वेळी टरफलाची पूड कामाला येते. वीस ग्रॅम टरफलाच्या पुडीत एक ग्रॅम केल्प घाला, चाळणीतून दोन-तीनदा चाळा, बरणीत भरा. हे दहा दिवसांचे. रोज २.१ ग्रॅम काढले की कॅल्शियम पूर्ण आणि आयोडिन सत्तर मायक्रोग्रॅम. उरलेले मासे, अंडे आणि चिमूटभर आयोडिनयुक्त मीठ यांतून. नोरी आणि केल्प एकाच वेळी देऊ नका. तयार खाद्याची पाकिटे निम्मी आणि घरचे निम्मे असे चालू असेल तर पाकिटात आयोडिन आधीच घातलेले असते, तेव्हा वरून केल्प लागत नाही.

काही नावे बाजूला ठेवा. हिजिकी हे काळे, धाग्यांसारखे जपानी शेवाळ. त्यात विषारी स्वरूपातले आर्सेनिक इतके असते की ब्रिटनच्या अन्न संस्थेने ते माणसांनीही खाऊ नये असे सांगितले आहे. स्पिरुलिना हे समुद्री शेवाळ नव्हे आणि आयोडिनसाठी निरुपयोगी. चायना ग्रास शेवाळापासूनच बनते, पण तो गोठवणारा तंतू आहे; आहारातली उणीव त्याने भरत नाही. दातांवरचा थर कमी करण्यासाठी अ‍ॅस्कोफायलम नावाच्या तपकिरी शेवाळाची पूड मिळते, तिचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. तीही आयोडिनवालीच, म्हणून बेरजेत धरावी.

मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर पाऊस सरल्यानंतर शेवाळ मुबलक दिसते आणि फुकटचे म्हणून वेचायचा मोह होतो. बंदराजवळचे, नाल्याच्या तोंडाजवळचे शेवाळ पाण्यातले जड धातू साठवून ठेवते. कोणती जात, किती आयोडिन, हे किनाऱ्यावर कळत नाही. कुत्र्याला पुळणीवर मोकळे सोडले तर वाळलेले शेवाळ चघळू देऊ नका. ते पोटात पाणी शोषून फुगते, आतड्यात अडकते, आणि मीठ जाते ते वेगळेच.

एका गैरसमजाबद्दल थोडे थांबायला हवे. कुत्रा सुस्त झाला, वजन वाढले, शेपटीचे केस गेले, डॉक्टरांनी थायरॉइड कमी आहे म्हणून सांगितले. लगेच कुणीतरी केल्प सुचवतो. प्रौढ कुत्र्यांत हा आजार बहुतेकदा ग्रंथीच झिजल्यामुळे किंवा शरीराने स्वतःच तिच्यावर हल्ला केल्यामुळे होतो. आयोडिन वाढवून ती ग्रंथी परत येत नाही. उलट जास्तीच्या आयोडिनने निरोगी थायरॉइडही मंदावतो, पिल्लांत तर विशेष. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या कुत्र्याला, गाभण कुत्रीला आणि वर्षाखालच्या पिल्लाला शेवाळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर धान्याचे प्रमाणही वेगळे ठरते. वरचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत.

सुरुवात करताना एका वेळी एकच बदल. आधी धान्य, रोजच्या अन्नात दहावा हिस्सा, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत ठरलेल्या प्रमाणापर्यंत. जेवढे धान्य वाढले तेवढ्या कॅलरी दुसरीकडून काढा, नाहीतर महिन्याभरात बरगड्या हाताला लागेनाशा होतात. पोट आठवडाभर स्थिर राहिले की मग शेवाळ. खाज सुटली, कान लाल झाले, उलट्या झाल्या तर शेवटी घातलेली वस्तू काढा आणि तीच दोषी होती का हे कळायला काही आठवडे द्या. दर पंधरा दिवसांनी वजन, दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी.

दवाखान्यात जाताना ‘घरचेच खातो’ एवढे सांगून भागणार नाही. धान्य कोणते आणि कोरडे किती, मांस कच्चे असताना किती, टरफलाची पूड, केल्पच्या डबीवरचा आकडा, हे सगळे कागदावर लिहून न्या आणि डबीचा फोटोही. त्या कागदावरून जस्त, ड आणि ई जीवनसत्त्वाची कोणती पूरक पावडर लागेल ते डॉक्टर ठरवू शकतात. थायरॉइडची तपासणी असेल तर शेवाळ कधीपासून देता ते रक्त घेण्याआधी सांगा.